परीक्षेत पास, पंगतीत नापास: अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे एक प्रकरण

१९३९ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात बालरोगशास्त्र शिकवणाऱ्या दोन डॉक्टरांनी अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सकडे सभासदत्वासाठी अर्ज केले. एक अलोन्झो डीग्रेट स्मिथ आणि दुसरे रोलंड बॉइड स्कॉट. बालरोगतज्ज्ञ म्हणून दोघांनाही राष्ट्रीय बोर्डाची मान्यता होती. दोघेही कृष्णवर्णीय होते आणि त्या एकाच कारणावरून दोघांचेही अर्ज फेटाळले गेले. सभासदत्व मिळायला १९४५ साल उजाडले. आपण चूक केली हे संघटनेने जाहीरपणे कबूल केले ते २०२० मध्ये.

१९३९ च्या अमेरिकेत वर्णभेद होता हे सांगायला कोणत्याही प्रकरण अभ्यासाची गरज नाही. हे प्रकरण तपासण्याजोगे आहे ते संघटनेच्या स्वतःच्या इतिहासामुळे. बड्यांच्या दबावाला न जुमानता मुलांची बाजू घेणाऱ्या डॉक्टरांनी ती उभी केली होती. अशी संघटना अवघ्या नऊ वर्षांत दाराशी आलेल्या दोन लायक माणसांना परत कशी पाठवते?

आधीची गोष्ट

अमेरिकेत ‘मुलांचा डॉक्टर’ ही वेगळी ओळख रुजवण्याचे मोठे श्रेय अब्राहम जॅकोबी यांना दिले जाते. ते जर्मनीतले. १८४८ च्या क्रांतीशी संबंध आल्यामुळे तुरुंगवास भोगून ते न्यूयॉर्कला आले आणि १८६० मध्ये तिथे बालरोगांचे अध्यापन करू लागले. १८८८ मध्ये अमेरिकन पीडियाट्रिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा पहिले अध्यक्ष तेच होते. ही सोसायटी मुख्यतः प्राध्यापकांची आणि संशोधकांची, मोजक्या निवडक सभासदांची. पुढे १९२९ मध्ये तरुण संशोधकांसाठी सोसायटी फॉर पीडियाट्रिक रिसर्च निघाली. या दोन्हींचा जीव शोधनिबंधांत होता. कायदे, सरकारी योजना, दवाखान्यांचा पैसा यांवर देशभरच्या बालरोगतज्ज्ञांच्या वतीने कोणी बोलायचे, हा प्रश्न मोकळाच राहिला होता.

त्याला धार आली शेपर्ड-टाउनर कायद्यामुळे. १९२१ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या या कायद्याने माता आणि बालकांच्या आरोग्यासाठी राज्यांना केंद्राचा पैसा मिळू लागला. सल्ला केंद्रे, घरोघर जाणाऱ्या परिचारिका, सुईणींचे प्रशिक्षण असे त्याचे स्वरूप होते. रक्कम मोठी नव्हती, पण अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या देशव्यापी संघटनेला त्यात समाजवादाची पावले ऐकू आली. १९२२ च्या सेंट लुइस अधिवेशनात तिच्या प्रतिनिधी सभेने कायद्याचा निषेध केला. त्याच अधिवेशनात तिच्याच बालरोग विभागाने कायद्याला पाठिंबा दिला. नेतृत्व भडकले, विभागाची कानउघाडणी झाली, आणि यापुढे कोणत्याही विभागाने परस्पर भूमिका जाहीर करायची नाही असा दंडक घातला गेला.

ती जखम बरी झाली नाही. १९२९ मध्ये कायद्याची मुदत संपली आणि त्याला मुदतवाढ मिळाली नाही. पुढच्याच वर्षी, १९३० च्या जूनमध्ये, डेट्रॉइटला ३५ बालरोगतज्ज्ञ जमले आणि त्यांनी अकॅडमीची स्थापना केली. शिकागोचे आयझॅक ॲब्ट पहिले अध्यक्ष झाले. मुलांच्या प्रश्नावर कोणाची परवानगी न घेता बोलता यावे, ही या संघटनेमागची प्रेरणा होती. पुढे जे घडले ते या पार्श्वभूमीवर वाचले की जास्त बोचते.

पात्रता कोणी ठरवली होती?

अर्ज फेटाळणारे नेहमी दर्जाची ढाल पुढे करतात, म्हणून आधी दर्जाचेच पाहू.

१९३३ मध्ये अमेरिकन बोर्ड ऑफ पीडियाट्रिक्स स्थापन झाले. स्वतःला बालरोगतज्ज्ञ कोणी म्हणवून घ्यावे हे परीक्षा घेऊन ठरवणे, हे त्याचे काम. बोर्डाच्या पाठीशी तीन संस्था होत्या: अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा बालरोग विभाग, अमेरिकन पीडियाट्रिक सोसायटी आणि खुद्द अकॅडमी. म्हणजे परीक्षेची कसोटी तयार करण्यात अकॅडमीचा हात होता. स्कॉट यांनी १९३९ मध्येच ती मान्यता मिळवली होती.

स्कॉट यांचा जन्म १९०९ चा, टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. वैद्यकीय पदवी हॉवर्डची, १९३४ ची. त्यानंतर इंटर्नशिप आणि शिकागोतले बालरोगाचे प्रशिक्षण, आणि मग हॉवर्डला शिक्षक म्हणून परत. कृष्णवर्णीय डॉक्टरला कोणते रुग्णालय प्रशिक्षणाला घेईल याची यादीच तेव्हा तोकडी होती, हे लक्षात घेतले तर या साध्या दिसणाऱ्या नोंदीमागे किती खटपट असेल याची कल्पना येते. हॉवर्डचे वैद्यकीय महाविद्यालय १८६८ पासूनचे. कृष्णवर्णीय डॉक्टर घडवणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ते एक. अर्ज करणारे दोघे म्हणजे कोपऱ्यातल्या दवाखान्यातले अनोळखी डॉक्टर नव्हते. पुढच्या पिढीचे बालरोगतज्ज्ञ ज्यांच्या हाताखाली तयार होत होते ते हे शिक्षक.

तेव्हा दर्जाचा मुद्दा इथेच निकालात निघतो. अकॅडमीने ज्या परीक्षेला आपले नाव दिले होते, तीच परीक्षा पास झालेल्या माणसाला तिने नाही म्हटले.

जेवणाचे टेबल

नेमके आडवे काय आले? कार्यकारी मंडळातल्या चर्चेची नोंद शिल्लक आहे आणि २०२० च्या निवेदनात तिचा उल्लेख आला आहे. ही माणसे सभासद झाली तर आपल्याबरोबर जेवणाच्या टेबलावर बसायला येतील, अशी भीती एकाने बोलून दाखवली होती.

या वाक्यात ज्ञान, अनुभव, रुग्ण, मुले यांतले काहीच नाही. आहे ती फक्त पंगत. कोणाच्या शेजारी कोणी बसायचे यावर माणसे किती हट्टाने अडून बसतात हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

तरीही टेबलाचा मुद्दा क्षुल्लक म्हणून सोडून देऊ नये. सभासदत्व म्हणजे भिंतीवर लावायचे एक प्रमाणपत्र, असे बाहेरून वाटते. आतला कारभार वेगळा असतो. व्याख्याने सकाळी होतात, पण कामे ठरतात ती संध्याकाळी. कोणत्या समितीवर कोण जाणार, कोणत्या पाहणीत कोणत्या शहराचे रुग्णालय घ्यायचे, कोणाच्या विद्यार्थ्याला कुठे फेलोशिप मिळेल, कोणाचे नाव पुढच्या निवडणुकीत सुचवायचे, हे सगळे ओळखीतून आणि जेवणाच्या गप्पांतून पुढे सरकते. शैक्षणिक वैद्यकात तर जास्तच, कारण तिथे एकट्याच्या दवाखान्यावर काही भागत नाही. अभ्यासाला अनेक रुग्णालये लागतात, पैसा लागतो आणि शिफारसही लागते. त्या माणसाने भीती बोलून दाखवताना अजाणता संघटनेचे खरे केंद्र दाखवून दिले, असे माझे मत आहे.

अशा वेळी एक मधली वाट हमखास सुचवली जाते: व्याख्यानांना या, नियतकालिक घ्या, पण समारंभांना नको. ज्ञान खुले आणि संगत बंद. दिसायला समंजस, पण शिक्षकाच्या दृष्टीने निरुपयोगी तोडगा. नियतकालिक ग्रंथालयातही वाचता येते. ग्रंथालयात मिळत नाही ती ओळखच तर हवी असते.

एका दाराला लागलेली दुसरी दारे

अकॅडमीला एकटीला दोष देऊन चालणार नाही, कारण तिच्याभोवतीची रचना तशीच होती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे सभासदत्व स्थानिक आणि राज्य संघटनांमार्फत मिळे. दक्षिणेतल्या बहुतेक संघटना कृष्णवर्णीय डॉक्टरांना घेत नसत. राजधानीतल्या वैद्यकीय संस्थेने तर १९५० च्या दशकापर्यंत दार बंद ठेवले होते. असोसिएशन मात्र म्हणे, आमच्या नियमांत वर्णाचा उल्लेख नाही, हा स्थानिक प्रश्न आहे. नकार खाली होई आणि हात वरचे धुतलेले राहत. अनेक रुग्णालयांत रुग्ण दाखल करण्याचा हक्कही याच स्थानिक सभासदत्वावर अवलंबून असे. म्हणजे संघटनेच्या यादीत नाव नाही म्हणून रुग्णालयात हक्क नाही, आणि मोठ्या रुग्णालयाचा अनुभव नाही म्हणून पुढची संधी नाही.

याला उत्तर म्हणून कृष्णवर्णीय डॉक्टरांनी १८९५ मध्ये अटलांटात नॅशनल मेडिकल असोसिएशन उभी केली होती. तिचे काम मोठे आहे. पण जिथे देशाचे बालआरोग्य धोरण ठरते त्या खोलीत ती बसलेली नव्हती.

आणि ती खोली त्याच काळात मोठी होत होती. १९४० च्या दशकात अकॅडमीने देशभरातल्या बालआरोग्य सेवांची आणि बालरोग शिक्षणाची मोठी पाहणी हाती घेतली. अहवाल १९४९ मध्ये आला. कोणत्या भागात मुलांना डॉक्टर मिळतो, कुठे मिळत नाही, शिक्षण कुठे कमी पडते, असे तिचे प्रश्न होते. या प्रश्नांची धग ज्यांच्या रुग्णांना सर्वांत जास्त लागत होती, त्या डॉक्टरांचा अर्ज अडवून ठेवण्याची ही वर्षे.

मंडळापुढच्या वाटा

१९३९ च्या मंडळाच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याचा मोह होतो. तो थोडा वेळ होऊ द्यावा, कारण ‘काळच तसा होता’ हे वाक्य तिथेच तपासता येते.

अर्ज मंजूर केला तर दक्षिणेतले सभासद बिथरतील, काही सोडूनही जातील, ही शक्यता खरी होती. अधिवेशने हॉटेलांत भरत आणि बरीच हॉटेले कृष्णवर्णीयांना पायरी चढू देत नसत, ही अडचणही खरी. नऊ वर्षांच्या संघटनेला फुटीची धास्ती वाटावी हे समजण्यासारखे आहे. पण याच संघटनेच्या संस्थापकांनी फुटीचा धोका पत्करला होता आणि तोही त्यांच्यापेक्षा कितीतरी बलाढ्य संस्थेविरुद्ध. १९२२ ला जी किंमत मोजायला ते तयार झाले, ती १९३९ ला मोजावीशी वाटली नाही. फरक एवढाच की पहिल्या वेळी अपमान त्यांचा स्वतःचा झाला होता.

दुसरी गोष्ट, त्या काळातही पर्याय दिसत होते. हॉवर्डचे शिक्षक बोर्डाच्या परीक्षेला बसत होते आणि बोर्ड त्यांना मान्यता देत होते. वर्ण न पाहता उत्तरपत्रिका तपासणे तेव्हाही शक्य होते. म्हणून काळाचे निमित्त मला अर्धेच पटते.

१९४५

दोघांनी पाठपुरावा सोडला नाही. १९४५ मध्ये अकॅडमीने स्मिथ आणि स्कॉट यांना सभासद करून घेतले. मधल्या सहा वर्षांत त्यांच्या पात्रतेत असा कोणता बदल झाला होता की जो १९३९ ला कमी पडत होता? महायुद्ध संपत आले होते, वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे टोक जगाने पाहिले होते, अमेरिकेतही हवा थोडी पालटत होती. बदलली ती संघटना, अर्जदार नव्हेत. तरी इतिहासात ‘पहिले कृष्णवर्णीय सभासद’ म्हणून नोंद होते ती अर्जदारांच्या यशाची, आणि संघटनेचा उशीर त्या गौरवाच्या वाक्यात झाकला जातो. अशी ‘पहिले’ची यादी वाचताना मी हल्ली आधी तारीख पाहतो आणि मग त्या माणसाने पहिला अर्ज कधी केला होता ते शोधतो.

स्कॉट यांनी पुढे काय केले

हा भाग थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण नकाराची किंमत कुठे शोधावी याचा अंदाज इथे येतो.

स्कॉट यांनी आयुष्याचा मोठा भाग सिकलसेल आजाराला दिला. या आजारात हिमोग्लोबिनमधल्या आनुवंशिक दोषामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, असह्य वेदनांचे झटके येतात. लहान मुलांत जंतूंशी लढायला मदत करणारी प्लीहा लवकर निकामी होते आणि न्यूमोकॉकससारखे जंतू काही तासांत जीव घेऊ शकतात. अमेरिकेत हा आजार मुख्यतः कृष्णवर्णीयांत आढळतो. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते, १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी त्याचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे दाखवले. म्हणजे विज्ञानाच्या दृष्टीने हा आजार झगमगाटात होता. रुग्ण मात्र अंधारात. स्कॉट १९४० च्या दशकातच नवजात बालकांच्या रक्तात या पेशी किती आढळतात याचा अभ्यास करत होते.

१९७० मध्ये त्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आरोग्य सेवेतल्या अग्रक्रमांवर एक लेख लिहिला. त्यातली तुलना साधी आणि निरुत्तर करणारी आहे. १९६७ मध्ये सिकलसेलचे अंदाजे १,१५५ नवे रुग्ण, फुप्फुसे आणि पचनसंस्था बिघडवणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसचे १,२०६, स्नायू झिजवणाऱ्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे ८१३. स्वयंसेवी संस्थांनी गोळा केलेला पैसा पाहा: सिस्टिक फायब्रोसिससाठी १९ लाख डॉलर, मस्क्युलर डिस्ट्रॉफीसाठी ७९ लाख, सिकलसेलसाठी एक लाखाहून कमी. रुग्णसंख्या जवळपास सारखी, निधी एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला मूठभर. स्कॉट यांनी त्यावर आवाज चढवला नाही. त्यांनी आकडे शेजारी शेजारी ठेवले.

१९७२ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सिकलसेल नियंत्रण कायद्यावर सही केली आणि केंद्राचा निधी वाहू लागला. हॉवर्डमध्ये स्कॉट यांच्या नेतृत्वाखाली सिकलसेल केंद्र उभे राहिले. १९८६ मध्ये मॅरिलिन गॅस्टन आणि सहकाऱ्यांची अनेक केंद्रांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. तीन वर्षांखालच्या २१५ मुलांपैकी काहींना रोज तोंडाने पेनिसिलिन आणि काहींना निष्क्रिय गोळी दिली होती. पेनिसिलिनच्या गटात गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. पुढच्या वर्षी राष्ट्रीय तज्ज्ञ परिषदेने सगळ्या नवजात बालकांची सिकलसेलसाठी तपासणी करावी अशी शिफारस केली. सगळी राज्ये त्या रांगेत यायला २००६ उजाडले.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये. स्कॉट यांना १९३९ मध्ये सभासद केले असते तर पेनिसिलिनची चाचणी इतकी वर्षे आधी झाली असती, असा हिशेब मांडणे खोटेपणाचे होईल. पण एवढे म्हणता येते: ती चाचणी व्हायला नवे औषध शोधावे लागले नव्हते. पेनिसिलिन १९४० च्या दशकापासून हाताशी होते. कमी होते ते अनेक रुग्णालयांना एकत्र बांधणारे जाळे, निधी आणि हा आजार अग्रक्रमाचा मानणारी माणसे. या तिन्ही गोष्टी संघटनांच्या बैठकांतून उभ्या राहतात. आणि ज्यांनी आयुष्यभर या आजाराची बाजू मांडली, त्यांनाच बैठकीबाहेर ठेवले गेले होते.

२०२०

२०१९ मध्ये अकॅडमीने वंशभेदाचा मुलांच्या आणि किशोरांच्या आरोग्यावर होणारा परिणाम यावर धोरणात्मक निवेदन काढले. दुसऱ्यांच्या वागण्यावर असे लिहिल्यावर स्वतःच्या दप्तराकडे पाहणे भाग होते. २०२० मध्ये तिने आपल्याच पीडियाट्रिक्स या नियतकालिकात माफीचे निवेदन प्रसिद्ध केले. स्मिथ आणि स्कॉट यांची नावे घेतली आणि नकार केवळ वर्णावरून दिला होता हे स्पष्ट लिहिले. स्कॉट २००२ मध्येच गेले होते. दोघांपैकी कोणीही ते वाचायला हयात नव्हते.

अशा माफीनाम्यांबद्दल माझ्या मनात सहसा शंका असते. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ या थाटाचे कागद आपण पुष्कळ वाचले आहेत. हा त्यातला नाही. यात नावे आहेत, वर्षे आहेत आणि मंडळातल्या चर्चेचे लाजिरवाणे शब्दही आहेत. स्वतःच्या बैठकीची नोंद उघड करणे हा माफीतला सर्वांत महाग भाग असतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही २००८ मध्ये कृष्णवर्णीय डॉक्टरांची माफी मागितली होती. तिथे मात्र दोष हजारो स्थानिक निर्णयांत विखुरलेला होता. अकॅडमीपुढे दोन अर्ज होते, एक मंडळ होते आणि एक उत्तर होते, त्यामुळे जबाबदारीही नेमकी सांगता आली.

निवेदनाबरोबर संघटनेने नियमावलीत बदल सुचवला: सभासदत्वात भेदभावाला स्पष्ट मनाई. तो हवाच होता. पण अर्ज फेटाळायला लेखी वर्णबंदी कधीच लागत नाही. शिफारशीची अट, बंद दारामागची चर्चा आणि ‘पुढच्या बैठकीत पाहू’ एवढी सामग्री पुरते. म्हणून मनाईच्या कलमापेक्षा मला दोन कोरड्या तरतुदी जास्त उपयोगाच्या वाटतात. पात्रतेची कसोटी पूर्ण करणाऱ्याचा अर्ज फेटाळायचा असेल तर कारण लेखी द्यावे, आणि त्यावर ज्या मंडळाने नकार दिला त्याच्याबाहेरच्या कोणाकडे तरी दाद मागता यावी. टेबलाची भीती कागदावर लिहून सही करायला १९३९ चे ते मंडळही बहुधा धजले नसते.